तुझा हात खाली येईपर्यंत

दानू,

तुझ्या स्मरण उपासनेत आठवणी सांगायची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून गिटारच्या वायरचा गुंता सोडवत बसलो. वायरला गुंता नव्हता. मग की-बोर्डवाला रॉबिन बोलला, तुझ्या राहुरीच्या ऑफिसातले एक गृहस्थ बोलले, तरुण संघातली एक मुलगी बोलता बोलता रडायला लागली आणि तशीच खाली बसली. सगळ्यांचं म्हणणं एकच, की दानिएलभाऊ कधी कुणावर रागावले नाहीत. मला ते ऐकवेना. माणूस कधीच रागावला नाही असं कुणी म्हटलं की मला शंका येते, याने राग कुठेतरी ठेवून दिला असणार. तुझा कुठे ठेवलायस ते मी इतकी वर्षं शोधत होतो.

मला चारचौघांत बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. संडे स्कूलमध्ये वचन म्हणायला उभं केलं की माझी दातखीळ बसायची, आणि तू मागच्या बाकावरून ओठ हलवून शब्द पुरवायचास. आता ती सोय संपली. म्हणून हे लिहून चर्चच्या मंडळीच्या पत्रकाला देतोय. पीक देवाला वाहायच्या त्या हंगामाच्या सणाला हजर असलेले सगळे हे पत्रक घेतात. आतलं वाचत नसले तरी वाढदिवसांचं पान बघायला उघडतातच.

आधी सगळ्यांना माहीत असलेलं सांगतो.

त्या सणाच्या सकाळी वेदीपुढे नेहमीसारखी रास लागली होती. राहुरीकडच्या घरांनी उसाच्या मोळ्या आणून उभ्या केल्या होत्या. वांगी होती, भोपळे होते. पाथर्डीकडच्या सोनूबाई दरवर्षी ऊसतोडीची गाडी निघायच्या आधी हा सण गाठायच्या. त्यांनी बाजरीचं गाठोडं आणि पायाला सुतळी बांधलेला एक कोंबडा आणला होता. उपासना झाली की बाहेर अंगणात या सगळ्याचा लिलाव व्हायचा होता. तू दाराजवळ मिक्सरवर होतास, सगळ्या माइकांचे आणि वाद्यांचे आवाज तुझ्या बोटाखाली. मी पुढे डावीकडे, स्पीकरच्या खोक्याशेजारी, माझी बेस गिटार गळ्यात अडकवून.

गाणं संपलं. पाळकसाहेब म्हणाले, "आपण शांतपणे प्रार्थना करू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी सवयीप्रमाणे व्हॉल्युमचा नॉब शून्यावर आणला, गिटार गळ्यातून काढली, स्पीकरच्या खोक्याला टेकवून ठेवली आणि डोळे मिटले.

आधी जमिनीतून यावी तशी घुरघुर आली. मग ती चढत गेली. प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत, म्हणून कुणी उघडेना. मीही नाही. मला वाटलं रस्त्यावर एखादा ट्रक चालू ठेवलाय. मग खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. कोंबडा किंचाळून उडाला तो सुतळीसकट उसाच्या मोळीत अडकला, आणि मोळी भोपळ्यांवर आली. त्या सगळ्या आवाजाच्या वर सोनूबाईंचा आवाज गेला.

"आरं, माजा कोंबडा! धरा की त्याला! डोळं मिटून काय बसलाव समदी?"

तू बाहेरून धावत आलास आणि मिक्सरवरचं बटण खाली ओढलंस. एकदम शांत झालं. त्या शांततेत एक भोपळा गडगडत पाळकसाहेबांच्या पायापाशी येऊन थांबला.

लोक हसले. आता आठवलं की मलाही हसू येतं. पण स्पीकर फाटला होता, बाहेरगावचे पाहुणे पुढच्या रांगेत बसले होते, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना हसू आलं नव्हतं. उपासनेनंतर त्यांनी आपल्याला बाजूच्या खोलीत बोलावलं. रॉबिनने तिथल्या तिथे स्क्रू काढून माझ्या गिटारची मागची झाकणी उघडली. आत बघितलं आणि तो हसतच सुटला.

"हे नॉब तर नुसते शोभेला आहेत! एकालाही वायर नाही. पिकअप डायरेक्ट जॅकला जोडलाय. वसंतदादा, सकाळपासून तुम्ही फिरवत काय होता?"

ज्यांना गिटारमधलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारांच्या खाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, तो पिकअप. तार थरथरली की तो ती थरथर पकडतो. तिथून वायर आधी व्हॉल्युमच्या आणि टोनच्या नॉबकडे जाते, आणि मग जॅककडे, म्हणजे ज्या भोकात बाहेरची वायर खुपसतात तिथे. मधले नॉब वगळून पिकअप सरळ जॅकला जोडला, तर गिटार सतत पूर्ण आवाजात जागी राहते. नॉब शून्यावर आणून काही होत नाही. तशी जागी गिटार स्पीकरला टेकवली, की स्पीकरचा आवाज तारांना हलवतो, तारा पुन्हा स्पीकरला, आणि ते वाढतच जातं.

आणखी एक सांगायला हवं. त्या सकाळी मी प्रत्येक गाण्याआधी टोनचा नॉब कणभर इकडे, कणभर तिकडे केला होता, आणि रॉबिनला म्हणालो होतो, "आज काय आवाज लागलाय!" रॉबिनने तेही सगळ्यांना सांगितलं. भोपळ्याला हसताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. खोलीत मात्र सगळे माझ्याकडे बघून हसले.

पंचांच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं का?"

मी म्हणालो, "नाही. यानं मला सांगितलं नव्हतं."

सगळे तुझ्याकडे वळले. तू माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ नाही. मग म्हणालास, "राहिलं असेल सांगायचं."

पुढच्या रविवारी मिक्सरवर रॉबिनचा भाऊ होता. तुला काढलं असं कुणी म्हणालं नाही. नव्या मुलांना संधी देऊ, असं म्हणाले. तू सगळ्यात मागच्या बाकावर बसायला लागलास. मंडळीत मात्र बोललं जाऊ लागलं, की दानूनं मित्राची फजिती करायला खोटे नॉब बसवले आणि ते सगळ्या मंडळीच्या अंगाशी आलं. मी ते ऐकायचो आणि गप्प बसायचो. गप्प बसण्याबद्दल माझ्यावर कुणी संशय घेत नाही, मी तसाच आहे म्हणून सगळे धरून चालतात.

संशय मीच घेत होतो, तुझ्यावर. किती तपशीलवार, ते ऐक. तू नेहमी म्हणायचास, "वश्या, बेस जाणवला पाहिजे, ऐकू यायला नको." म्हणजे मी ऐकू येऊ नये हेच तुला हवं होतं. सरळ जोडणी केली की माझा आवाज पूर्ण तुझ्या हातात, म्हणजे तेही तुझ्या सोयीचं. नॉब काढून टाकता आले असते, ते ठेवलेस, म्हणजे मी ते फिरवताना तुला बघायचं होतं. आणि नेमकं प्रार्थनेच्या वेळी तू मिक्सर सोडून बाहेर का गेलास? तू म्हणालास, लिलावाच्या माइकला वायर कमी पडत होती म्हणून बोलावलं. मी नंतर आडून आडून चौकशी केली. खरंच बोलावलं होतं. मग मी विचार करायला लागलो की त्यांनी बोलावल्यावर तू लगेच का गेलास. संशयाचं असंच आहे, एक उत्तर मिळालं की तो खुर्ची थोडी पुढे ओढून पुन्हा बसतो.

थोड्या दिवसांनी तू घरी आलास. दारातच उभा राहिलास.

"नॉबखालचे कंट्रोल आणलेत पुण्याहून. आपल्याकडे मिळेनात. दे गिटार, चहा होईपर्यंत बसवतो."

"राहू दे."

"राहू दे कशाला? तुझे नॉब तुला परत मिळतील."

"मी बघतो माझं."

तू हातातली पुडी चपलांच्या कपाटावर ठेवलीस. आतून माझी बायको चहाला थांबा म्हणाली, तू म्हणालास घेऊनच आलोय. तू जिना उतरल्यावर मी पुडी उघडून बघितली. नवे आहेत की कुठले जुने काढून आणलेत, ते बघायला. नवे होते, प्लास्टिकच्या पिशवीत. मी ती पुडी खणात टाकली आणि गिटार तशीच ठेवली, पिकअप सरळ जॅकला. दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्यायला मला काय अडचण होती, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

आणि मग तुझा तो हात सुरू झाला.

मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तुझी मुलगी शॅरन शाळेत होती, तुझ्याशेजारी दोन वेण्या घालून बसलेली. गाणं संपलं. रॉबिनच्या भावाने मिक्सरवर माझं बटण खाली घेतलं. तुझा उजवा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर होता. तो हळूच खाली आला, आधी बोटं, मग मनगट. मी समोरून बघत होतो. मला कानशिलात मारल्यासारखं झालं. म्हटलं, हा मला दर रविवारी आठवण करून देणार, तेही देवाच्या घरात, आणि कुणाला कळणारही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मी ठरवायचो की मागे बघायचंच नाही, आणि शेवटचा सूर वाजला की बघायचो. माझा तळवा तारांवर दाबून धरलेला असायचा. तुझा हात खाली आला की मी माझा उचलायचो. एकदाही आधी उचलला नाही. त्या दिवसानंतर ती गिटार मंडळीत एकदाही बोंबलली नाही, याचं कौतुक लोकांनी रॉबिनच्या भावाचं केलं.

बाहेर अंगणात तू म्हणायचास, "सलाम, वसंत." मी म्हणायचो, "सलाम." तू 'वश्या' म्हणणं सोडलं होतंस. तेही मी पुराव्यांत धरलं होतं.

तू दवाखान्यात आहेस हे कळल्यावर मी आलो ते तुला आठवत असेल. मार्थावहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या, मी स्टुलावर बसलो होतो. तुझ्या हाताला सलाईन होतं. तू डोळे उघडलेस आणि तब्येतीबद्दल काही बोलायच्या आधी विचारलंस, "अजून डायरेक्टच आहे ना?"

"हो."

"कंट्रोल नाही बसवलेस."

"नाही."

"वाजते ना पण?"

"वाजते."

"मग चांगलंय," म्हणालास आणि हसलास. मी त्या हसण्याकडेही बघत बसलो, यात काय दडलंय म्हणून. सांगायचं तेव्हाच होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पण वहिनींची पावलं वाजली आणि मी उठून त्यांना स्टूल दिलं. मला बरं वाटलं त्या आल्या म्हणून. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही.

तू गेल्यावर शॅरन सावेडीला आमच्याकडे आली, स्कूटरवर, एकटीच. पुण्यात नोकरी करणारी मुलगी आता, पण चालते तुझ्यासारखी, एक खांदा पुढे काढून. रविवारच्या स्मरण उपासनेत पप्पांच्या आवडीचं गाणं ठेवलंय, बेस तुम्हीच वाजवायचा, म्हणाली. मी हो म्हणालो. निघताना दारात हेल्मेटचा पट्टा लावता लावता तिने विचारलं.

"काका, एक विचारू? त्या वेळी पप्पांनी तुम्हाला खरंच सांगितलं नव्हतं?"

"फार वर्षं झाली गं," मी म्हणालो. "नीट आठवत नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिच्या त्या 'बरं'चाही मला संशय आला. आणि माझ्या उत्तराचाही. पंचांसमोर 'नाही' होतं, आता 'आठवत नाही' झालं होतं. तुझ्या मुलीपुढे मला उरलेलं धैर्य तेवढंच निघालं.

ती गेल्यावर मी गिटार पुसायला घेतली. व्हॉल्युमच्या नॉबजवळ, पॉलिशवर, बोटाएवढी एक काळपट पट्टी आहे. धूळ बसून चिकट झालेली. इतकी वर्षं मी फडकं तिथून वळवून न्यायचो. त्या दिवशी ओल्या फडक्यानं चोळली, निघाली नाही. ती कशाची आहे हे मला चांगलं माहीत आहे. ती तुझ्या लाल टेपच्या गोंदाची आहे.

आता खरं सांगतो.

सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी गिटार घेऊन तुझ्या गच्चीवरच्या खोलीत आलो होतो. व्हॉल्युमचा कंट्रोल करकर करत होता, मधेच आवाज जात होता. तू दुकानांत फोन केलेस, तसला कंट्रोल कुणाकडे नव्हता. मग म्हणालास, "डायरेक्ट मारून देतो. उद्याचं भागेल." सोल्डरिंगच्या राळेचा वास सुटला. तू पिकअपच्या वायरी कंट्रोलवरून सोडवल्यास, एक जॅकच्या टोकाच्या पात्याला डाग देऊन जोडलीस, दुसरी अर्थच्या बाजूला, आणि तारांच्या अर्थिंगची बारीक वायर विसरू नये म्हणून ती आधीपासून ओठांत धरली होतीस. मी बॅटरी धरून उभा होतो. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, दानू. पंचांच्या खोलीत मी म्हणालो, सांगितलं नव्हतं. सांगितलं तर होतंसच. तुला ते करताना मी बघितलंसुद्धा.

"हे नॉब मग?" मी विचारलं.

"राहू दे. भोकं उघडी दिसली तर मार्था म्हणेल उंदरानं खाल्ली." मग तू व्हॉल्युमच्या नॉबवरून लाकडापर्यंत लाल टेपची पट्टी चिकटवलीस. "हा मेलाय, हे ध्यानात राहावं म्हणून. आता नीट ऐक. गाणं संपलं की मी आधी मिक्सरवरचं बटण खाली घेईन, मग हात खाली करेन. तोपर्यंत तारांवरचा हात उचलायचा नाही, आणि गिटार कुठं टेकवायची नाही. टेकवलीस की बोंबलेल."

"हां."

"हां काय? म्हणून दाखव."

"तुझा हात खाली आला की माझा उचलायचा."

"शाब्बास! हे पाठांतर लहानपणी जमलं असतं तर बक्षीस मिळालं असतं, वश्या."

सकाळी उपासनेआधी तरुण संघवाले फोटो काढत होते. मी नवा शर्ट घातला होता. गिटारवरची ती लाल पट्टी मला फाटक्याला ठिगळ लावल्यासारखी दिसायला लागली, म्हणून मी ती ओढून काढली आणि खिशात टाकली. पुढे गाणी सुरू झाली आणि माझा हात आपल्या जुन्या सवयीने नॉबवर गेला. विसरलो. ते विसरणं खरं होतं. तेवढं मी पंचांसमोर सांगितलं असतं तर त्यांनीही हसून सोडून दिलं असतं. पण त्याआधी ते मला हसले होते, मेलेला नॉब फिरवून आवाज सुधारला म्हणणाऱ्याला, आणि मला कुणीतरी दोषी हवं होतं. टेप खिशातच होती. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा माझा हात खिशात होता, आणि टेप बोटांना चिकटली होती.

त्यानंतर मी तुझ्यावर जो संशय घेतला, तो मला घ्यावाच लागला. तू लबाड ठरल्याशिवाय माझं वाक्य खरं होत नव्हतं.

रविवारी मी वाजवलं. चांगलं वाजलं असं लोक म्हणतात. शेवटचा सूर झाला आणि मी तारांवर तळवा ठेवून मागच्या बाकाकडे बघितलं. तिथे भिंत होती. कुणीतरी आपली छत्री उभी करून ठेवली होती. मिक्सरवर रॉबिनचा भाऊ होता, त्याने बटण खाली घेतलं की नाही मला दिसेना. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू. माना खाली गेल्या. मी तसाच उभा. हात उचलावा की नाही कळेना.

पहिल्या बाकावर मार्थावहिनींशेजारी बसलेली शॅरन मागे वळली. तिने मिक्सरकडे बघितलं. मग पुढे वळून उजवा हात समोरच्या लाकडी कठड्यावर ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि हात हळूच खाली आणला. आधी बोटं, मग मनगट.

मी माझा उचलला.

बाहेर चहाच्या वेळी मी तिला गाठलं. "ती खूण तुला कुणी शिकवली?"

"शिकवली कुणी नाही. मी मागे पप्पांजवळ बसायचे ना. एकदा विचारलं, हात कशाला हलवता? तर म्हणाले, वसंतकाकांना कळायला हवं, आता सोडलं तरी चालेल म्हणून."

टोमणा नव्हता मग तो. एका वाक्यात इतक्या वर्षांचा माझा सगळा पुरावा गेला, आणि मी कागदी कप हातात धरून उभा होतो.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. "त्यांनी मला सांगितलं होतं ते."

"घरात सगळ्यांना ठाऊक होतं, काका."

"मग परवा विचारलंस कशाला?"

"पप्पांनी कधी विचारू दिलं नाही. ते गेल्यावर विचारलं."

मी मूर्खासारखं विचारलं, "ते रागावले होते का गं माझ्यावर?"

"ते नाही," शॅरन म्हणाली. "मी रागावले होते. अजून आहे." मग माझ्या हातातला रिकामा कप घेऊन तिने भरून आणून दिला. "आईला सांगा. आणि त्या खोलीत जे होते त्यांना पण. मला सांगून काय उपयोग, मला माहीतच आहे."

तर राग तिथे होता. तू स्वतःजवळ ठेवलाच नव्हतास, तो तुझ्या पोरीनं सांभाळला.

वहिनी झाडाखाली खुर्चीवर बसल्या होत्या. मी जाऊन सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, टेपसकट. त्यांनी पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे म्हणायचे, वश्याला वेळ लागतो. बसा, भाऊजी."

घरी तू मला वश्याच म्हणत होतास तर.

खोलीत जे होते त्यांच्यासाठी हे लिहिलं. दानिएलने मला सांगितलं होतं. म्हणवूनही घेतलं होतं. कुणाची फजिती करायचं त्याच्या मनात नव्हतं, आणि त्या दिवशी त्याच्याकडून काही राहिलं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि नंतरचं माझ्या तोंडून. अध्यक्ष आता थकलेत, त्यांना हे घरी जाऊन वाचून दाखवणार आहे.

एक संशय मात्र मी सोडणार नाही, तू काहीही म्हण. भोकं उघडी दिसतील म्हणून नॉब ठेवले, हे मला पटत नाही. भोकं टेपने झाकता आली असती, रीळ तुझ्या हातातच होतं. तुला माहीत होतं की लोकांसमोर उभा राहिलो की माझी बोटं थरथरतात, आणि सुरू करण्याआधी काहीतरी फिरवल्याशिवाय मला वाजवता येत नाही. लहानपणी तू ओठ हलवायचास, तसलंच हे काहीतरी होतं. विचारायला हवं होतं. आता तू उत्तर देणार नाहीस, म्हणून मी माझंच खरं मानून चालणार.

शॅरन म्हणाली, ती पुण्याची पुडी अजून असेल तर द्या, मी बसवून आणते. पुडी खणात आहे. मी म्हटलं, राहू दे. या वेळचं 'राहू दे' वेगळं होतं, ते तिला कळलं असावं.

काल संध्याकाळी गाण्याच्या सरावाला गेलो. सुरू करण्याआधी टोनचा नॉब कणभर डावीकडे फिरवला. आत वायर नाही हे मला माहीत आहे, आता सगळ्या मंडळीला माहीत होईल. रॉबिन माझ्याकडे बघत होता, पण हसला नाही.

आवाज सुधारला, दानू. तू हस खुशाल.